कै. डीव्हीडी ड्राइव्ह यांना अनावृत पत्र

रा. रा. डीव्हीडी ड्राइव्ह यांस,
मुक्काम लॅपटॉपची उजवी बाजू, ड्राइव्ह 'डी'.

स. न. वि. वि.

आपल्या नावामागे 'कै.' लावावं की नाही, यावर आमच्या घरात एकमत झालं नाही. कारण आपण गेलात हे आपण स्वतः अजून कबूल केलेलं नाही. बटण दाबलं की आपला ट्रे अजून रुबाबात बाहेर येतो. हिरवा दिवा लुकलुकतो. डिस्क ठेवून ट्रे आत ढकलला की आपण घरघरता, थांबता, पुन्हा घरघरता, आतून खट्‌खट्‌ असा कामात असल्याचा आवाज काढता, आणि एवढा सगळा सोहळा आटोपल्यावर पडद्यावर नम्र निवेदन येतं : 'कृपया डी ड्राइव्हमध्ये डिस्क घाला.' अहो, डिस्क आपल्या पोटात गरगर फिरतेय! अजून कुठे घालू?

आपल्या मरणाला माझी हरकत नाही, हे आधीच सांगते. लेन्सवर धूळ बसते, ज्यांच्यावरून ती सरकते त्या पट्ट्यांवरचं ग्रीस वाळतं, लेसर म्हातारा होतो. शिवाय आपल्या पोटात लेसर एक नाही, दोन. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा. सीडीवरच्या दोन ओळींमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४, म्हणजे डीव्हीडीचं काम जास्त बारीक नजरेचं. म्हणूनच आपण जाताना हप्त्याहप्त्याने गेलात. आधी डीव्हीडी दिसेनाशी झाली, पण गाण्यांच्या सीड्या मात्र व्यवस्थित वाजत राहिल्या. कामाचं काही दिलं की तब्येत बरी नाही, गाणी लावा म्हटलं की एकदम ठणठणीत! असे लोक आम्ही दफ्तरांतून पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पुढे गाण्यांवरचंही मन उडालं.

आता मूळ तक्रार. हा लॅपटॉप २०१२ सालचा. त्याची हार्डडिस्क गेली, तिथे नवी एसएसडी बसवली. नवी एसएसडी म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर विंडोज चढवायचं, एवढंच काम. आणि विंडोजही ७ च हवं होतं, कारण आमच्या दिवाळी अंकाचे जुने अंक पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये लावलेले आहेत, आणि तेही युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली. विंडोज ७ वर तो थोडा गोंजारला की चालतो, नव्या मशीनवर रुसून बसतो. विंडोज ७ चा परवानाही आमच्याकडे आहे, लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर. पंचवीस अक्षरांचा आकडा, त्यातलं 'बी' की '8' हे भिंगाने बघावं लागतं, पण आहे. विंडोजची डीव्हीडीही कपाटात आहे, एकही ओरखडा नसलेली. फक्त ती वाचायला आपण नाही.

आपल्याला एकट्याला दोषी धरणं मात्र अन्यायाचं होईल, म्हणून आपल्या पाठीराख्यांचाही उल्लेख करते. ज्या कंपनीने हा लॅपटॉप बनवला, तिने खोक्यात विंडोजची डिस्क दिलीच नव्हती (कपाटातली नंतर मिळवलेली आहे). हार्डडिस्कच्याच एका कोपऱ्यात विंडोज पुन्हा बसवण्याची सोय दडवून ठेवली होती, आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर सूचना आली होती की कोऱ्या डीव्हीड्या आणून आमच्या डिस्का आम्हीच तयार करून घ्याव्यात. संच एकदाच तयार करता येईल, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे हार्डडिस्क बिघडली तर दुरुस्तीचं सामान त्याच हार्डडिस्कवर, नाहीतर आपल्या हवाली. दोघांपैकी कुणी बिघडणार नाही, असं कुठल्यातरी बैठकीत ठरलं असावं.

आपला बदली उमेदवार शोधायला मी पुण्यात तपकीर गल्लीत गेले. इथे चार्जरच्या पिनेपासून मदरबोर्डपर्यंत सगळं मिळतं, आणि सल्ला फुकट मिळतो. दुकानातल्या मुलाने लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, आपला ट्रे एकदा उघडून बघितला आणि निकाल दिला : "काकू, ड्राइव्ह गेलाय. त्यात आता पैसे घालू नका. नवीनच घेऊन टाका." नवीन ड्राइव्ह? "नाही हो, नवीन लॅपटॉप." शेजारच्या दुकानात विंडोज मारून द्यायला तयार होते, परवान्याचं विचारलं तर म्हणाले, "सगळं आपलंच असतं, टेन्शन घेऊ नका." मी टेन्शन घेऊन घरी आले.

एक मैत्रीण यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घेऊन आली. आपला चुलतभाऊच तो. त्याच्या केबलला दोन शेपट्या होत्या, कारण एका पोर्टमधून येणारी वीज त्या साहेबांना पुरत नाही. दोन्ही खोचल्या तरी डिस्क अर्धवट फिरून थांबायची. घराण्याचे गुण.

घराण्यावरून आठवलं. आपण फार मिजास करता, पण आपल्या खानदानाला संगणक सुरू करण्याचा अधिकार जन्मतः नव्हता. विंडोज ९५ ची सीडी दुकानातून आणली, तरी कोऱ्या संगणकावर ती चालवायला आधी फ्लॉपी घालावी लागायची. फ्लॉपीने बोट धरून आणल्याशिवाय सीडी उंबरठा ओलांडत नसे. फीनिक्स टेक्नॉलॉजीज आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये सीडीवरून थेट संगणक सुरू करण्याचा नियम लिहिला. त्याचं नाव 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन गावी एका मेक्सिकन खानावळीत त्याचा आराखडा ठरला, म्हणून खानावळीचंच नाव दिलं, असं सांगतात. त्या नियमातली एक युक्ती अशी, की सीडीने १.४४ एमबीच्या फ्लॉपीचं सोंग घ्यायचं आणि संगणकाने त्यावर विश्वास ठेवायचा. म्हणजे आपली पहिली गादी सोंग घेऊन मिळवलेली! आणि आज आपण जुन्या संस्थानिकाच्या थाटात लॅपटॉपच्या उजव्या बाजूला बसून आहात.

आपल्याला निरोपाच्या सूचना कमी मिळाल्या, असंही नाही. २००७ च्या शेवटी आसुसचा 'ई पीसी' नावाचा सात इंची छोटा लॅपटॉप आला, त्यात आपल्याला जागाच नव्हती. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत एका पिवळट पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. त्यातही आपण नव्हता. गरज पडलीच तर दुसऱ्या संगणकाचा ड्राइव्ह वायरलेसने उसना घ्या, अशी व्यवस्था त्यात ठेवली होती. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर एक छोटं साधन दिलं, ज्याने चार जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घालता यायचं. त्याची गंमत अशी झाली की त्या साधनात दुसऱ्याच्या मुक्त परवान्याखालचा कोड सापडला. नोव्हेंबरात ते मागे घ्यावं लागलं आणि डिसेंबरात सोर्स कोडसकट पुन्हा द्यावं लागलं. परवाने काटेकोर तपासणाऱ्या कंपनीवर ही वेळ यावी, याचा आनंद मी लपवत नाही.

तेव्हा आपल्याला वळसा घालायचा रस्ता जुना आहे, सरळ आहे आणि फुकट आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा हे सगळं जाणतो. डीव्हीडीची हुबेहूब प्रत असलेली आयएसओ फाइल मी पेनड्राइव्हवर ठेवू का, असं विचारलं तर म्हणाला, "मावशी, तशीच कॉपी करून चालत नाही. बूटेबल, म्हणजे त्यावरून संगणक सुरू होईल असा, करावा लागतो." मग त्याने आमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'रुफस' उतरवलं. पीट बटार्ड नावाच्या गृहस्थांनी २०११ मध्ये केलेला हा प्रोग्रॅम दोनएक एमबीचा, बसवावाही लागत नाही, एक पैसा मागत नाही. त्यात पेनड्राइव्ह निवडायचा, आयएसओ दाखवायची, आणि पार्टिशन स्कीमसमोर जुन्या लॅपटॉपसाठी एमबीआर निवडायचं. तिथे जीपीटी राहू दिलं, तर हा लॅपटॉप पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाही. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं. तशी ताकीद रुफस देतं, आपल्यासारखं गप्प बसत नाही.

पुढची लढाई बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. लॅपटॉप सुरू होताना एक किल्ली दाबायची असते. कुणाची एफ२, कुणाची एफ१०, कुणाची एफ१२, कुणाची एस्केप. कंपन्यांनी आपापसात बसून एक किल्ली ठरवली असती तर आकाश कोसळलं नसतं. दाबायची वेळही क्षणभराची. ती साधली आणि निळ्या-करड्या पडद्यावर बूटची यादी उघडली. पहिल्या क्रमांकावर कोण? आपण! मेलेले असूनही मानाचं पान आपल्याच पुढ्यात. संगणक रोज सुरू होताना आधी आपल्याला विचारत होता, आपण रोज घरघरून त्याला ताटकळत ठेवत होता, आणि मगच तो पुढे सरकत होता. सकाळी लॅपटॉप उशिरा उठतो म्हणून मी उगाच बिचाऱ्या अँटिव्हायरसला बोल लावत होते. एफ५-एफ६ दाबून आपल्याला यादीच्या तळाशी नेलं, तेव्हा फार बरं वाटलं.

पण ड्राइव्हराव, आपली खरी करामत त्याच्या पुढे आहे.

पेनड्राइव्हवरून विंडोज सुरू झालं. 'फायली लोड होत आहेत' अशी पट्टी सरकली, चार रंगांचे ठिपके एकत्र येऊन झेंडा झाला, भाषा निवडली, 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं. आणि पाटी आली : सीडी/डीव्हीडी ड्राइव्हला लागणारा ड्रायव्हर सापडत नाही, ड्रायव्हरची फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी किंवा यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह असेल तर आत घाला.

पुन्हा वाचून बघा. मी पेनड्राइव्हवरून विंडोज बसवतेय. डीव्हीडीचा संबंध नाही. डीव्हीडी नाही म्हणूनच तर पेनड्राइव्ह आणला. आणि विंडोज म्हणतं, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर दाखवा! निवृत्त हेडक्लार्कची सही आणल्याशिवाय फाइल पुढे सरकवायची नाही, असाच हा कारभार. वर ड्रायव्हर हवा कशावर, तर फ्लॉपीसुद्धा चालेल म्हणे. ज्याला मराठीत कपाळावर हात मारून घेणं म्हणतात, ते मी केलं.

ही पाटी साफ खोटी आहे. गंमत अशी की लॅपटॉपला दोन तऱ्हेचे यूएसबी पोर्ट आहेत. काळ्या जिभेचे जुने, २.० चे, निळ्या जिभेचे नवे, ३.० चे. पेनड्राइव्ह निळ्यात होता. सुरुवातीला बायोस विंडोजला आत आणून सोडतं, तिथपर्यंत सगळं ठीक असतं. मग विंडोज स्वतःचे ड्रायव्हर लावून कारभार हातात घेतं, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हरच नाही. ज्या पेनड्राइव्हवरून ते आत आलं, तोच त्याला दिसेनासा होतो. आता ते सरळ 'पेनड्राइव्ह सापडत नाही' असं म्हणेल? छे. ज्यांनी हा निरोप लिहिला त्यांच्या डोक्यात विंडोज म्हणजे डीव्हीडीवरूनच येणार, हे इतकं पक्कं बसलेलं की दुसरं काही हरवू शकतं, हा विचारच त्यांना शिवला नाही. या एका वाक्यापायी किती लोकांनी चांगल्या आयएसओ पुन्हापुन्हा उतरवल्या असतील, किती जणांनी नसलेल्या डीव्हीडीचे ड्रायव्हर शोधले असतील आणि किती लॅपटॉप कोपऱ्यात जाऊन पडले असतील!

उपाय? 'कॅन्सल' दाबून 'इन्स्टॉल नाऊ'च्या पडद्यावर परत यायचं, पेनड्राइव्ह निळ्यातून काढून काळ्यात खोचायचा, आणि पुन्हा 'इन्स्टॉल नाऊ'. बस. पुढे विंडोज निमूट बसलं.

बसलं म्हणजे, आंधळं-बहिरं बसलं. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळी उद्गारचिन्हं ओळीने उभी. वायफाय नाही, केबलने इंटरनेट नाही, आवाज नाही. या सगळ्यांचे ड्रायव्हर कुठे? अर्थातच एका डिस्कवर. खोक्यातून आलेली एकमेव डिस्क ती. इंटरनेट चालू करणारा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा, नाहीतर आपल्याकडून. दोन्हीकडे दार बंद. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणला. पेजमेकरची सीडीही तशीच आयएसओ करून आणली. विंडोज ७ ला आयएसओ थेट उघडता येत नाही, ते ८ पासून आलं, म्हणून सेव्हन-झिपने सोडवून घेतली. या सगळ्यात आपली मदत शून्य, हे नोंदवून ठेवते.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला वाऱ्यावर सोडलं, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे ते विंडोज आता इंटरनेटला जोडलेलं नाही. ते फक्त पेजमेकर उघडतं. इंटरनेटच्या कामासाठी शेजारच्या पार्टिशनवर लिनक्स मिंट घातलं. कारण विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती या म्हाताऱ्यात नाही. मिंटने मात्र कमाल केली. पेनड्राइव्हवरूनच आधी सगळं चालवून दाखवलं, वायफाय लागलं, आवाज आला, आणि मग विचारलं, बसवू का? आपली चौकशी त्याने एकदाही केली नाही. सुज्ञ आहे.

आता थोडं चांगलंही बोलायला हवं, नाहीतर लोक म्हणतील बाई कृतघ्न आहे. आपल्या उमेदीच्या काळात आम्ही मराठी नाटकांच्या व्हीसीड्या पाहिल्या. नाटक ऐन रंगात असताना नायक तोंड उघडणार एवढ्यात पहिली डिस्क संपायची आणि दुसरी शोधायला सगळं घर उठायचं. उबुंटू नावाच्या लिनक्सचे लोक तेव्हा जगभर फुकट सीड्या पाठवायचे. इकडे अर्ज भरायचा, आणि काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी तिकिटांचं पाकीट आणून द्यायचा. शेजारी विचारायचे, मुलगा अमेरिकेत गेला का? ती सोय २०११ मध्ये बंद झाली. तेव्हाही आपल्याला अंदाज यायला हरकत नव्हती.

तर असा हा हिशेब. आपण बिघडलात, माफ. दिवा लावून, आवाज काढून बरं असल्याचं सोंग केलंत, तेही एकवेळ माफ, सोंग आपल्या घराण्यात आहे. पण पहिला क्रमांक अडवून बसलात आणि आपल्यावाचून काही हलणार नाही असा सगळ्यांचा समज करून दिलात, त्याला माफी नाही.

वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह गेला असेल आणि कुणी 'नवीन घेऊन टाका' म्हणालं, तर आधी आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. लॅपटॉपच्या पोटावरचा परवान्याचा आकडा पुसला जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि लॅपटॉप धडधाकट आहे तोवरच त्याचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. कंपन्या ती पानं जन्मभर ठेवत नाहीत.

कळावे, लोभ आटोपला.

आपली,
एक लॅपटॉपधारक

ता. क. : आपलं आसन लॅपटॉपच्या तळाच्या एकाच स्क्रूवर होतं, हे तो काढल्यावर कळलं. आपल्याला ई-कचऱ्यात दिलं आहे. रिकाम्या जागी कॅडी नावाची चौकट बसवून तिच्यात जादा डिस्क घातली आहे, आणि आपलं तोंडावरचं प्लास्टिक कॅडीला चपखल बसलं. कुणाला हेच करायचं असेल तर जुन्या ड्राइव्हची जाडी आधी मोजून जा. कॅडी १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशी दोन मापांत मिळते, आणि चुकीची आणली तर दुकानदार परत घेत नाही.